ग्वाल्हेरचा बिस्किटांचा डबा : ऐंशीच्या दशकातील तयार खाऊ आणि मराठी फराळ

ऐंशीच्या दशकातील तयार खाऊची आठवण निघाली की मॅगी, रसना, गोल्ड स्पॉट, पार्ले-जी ही नावे हमखास पुढे येतात. ती साऱ्या देशाची नावे होती. पणजीत, पुण्यात किंवा पाटण्यात वाढलेल्या माणसाला ती सारखीच आठवतात. ग्वाल्हेरला मात्र या यादीत स्वतःचे असे एक नाव होते, ते म्हणजे जे. बी. मंघाराम. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या या उद्योगाची बिस्किटे ग्वाल्हेरात तयार होत आणि चित्रांनी नटलेल्या पत्र्याच्या डब्यांतून देशभर जात. बिस्किटे संपली, तरी डबे घरातच राहिले. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत या डब्यांत पुढे चकली, चिवडा आणि शंकरपाळे भरले गेले. तयार खाऊने घरचा फराळ हद्दपार केला, असे सरसकट म्हटले जाते. या डब्याचा इतिहास काही वेगळे सांगतो.

शिंद्यांची छावणी आणि मराठी घरे

ग्वाल्हेरचे मराठीपण शिंदे घराण्याबरोबर आले. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायमची वसवली. त्या छावणीचे शहर झाले आणि छावणीचेच नाव त्याला चिकटले : लष्कर. फाळके बाजार, चिटणीसांची गोठ, पाटणकर बाजार, शिंद्यांची छावणी ही तेथील वस्त्यांची नावे आजही त्या इतिहासाची साक्ष देतात. सरदार, कारकून, भिक्षुक, गवई, वैद्य असे नाना व्यवसायांचे लोक महाराष्ट्रातून तेथे गेले. गोमंतकीयही त्यांत होते. महादजी शिंदे यांच्या पदरी पराक्रम गाजवणारे जिवबादादा बक्षी हे मूळचे पेडणे महालातील केरी गावचे.

या वस्तीने आपली भाषा नुसती घरापुरती ठेवली नाही. भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवी होते. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये तेथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९६१ चे मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले. ग्वाल्हेर काही वर्षे मध्य भारत राज्याची हिवाळी राजधानी होते. १९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी भोपाळला गेली, तरी महालेखापालांचे कार्यालय, महसूल मंडळ यांसारखी मोठी कार्यालये ग्वाल्हेरलाच राहिली. दरबारी चाकरीची जागा सरकारी नोकरीने घेतली. ठरलेला पगार, दहा ते पाचची कचेरी आणि संध्याकाळी येणारे पाहुणे अशा घडीच्या मध्यमवर्गीय जीवनात चहाबरोबर ठेवायला काहीतरी टिकाऊ आणि तयार असणे ही गरज बनली. बिस्किट घरात आले ते या वाटेने.

प्रायश्चित्तापासून पाहुणचारापर्यंत

बिस्किटाचा मराठी घरातील प्रवेश सहज झालेला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. उपस्थितांची नावे नंतर छापून आली आणि शहरात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही त्या प्रकरणात प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. वादाचे मूळ पदार्थाच्या चवीत नव्हते. तो कोणी मळला, कोणी भाजला, त्यात काय घातले, हे ठाऊक नसणे हीच मुख्य अडचण होती. पाव-बिस्किट म्हणजे परक्या हाताचे, परक्या भट्टीचे आणि कदाचित अंडे घातलेले, अशी शंका जुन्या घरांत पुढेही बराच काळ टिकली.

उत्तर भारतातही हीच शंका होती आणि व्यापाऱ्यांनी तिच्यावर तोडगेही काढले. दिल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. तिचा माल उच्चवर्णीयांच्या हातून तयार होतो, ही ग्वाही तिच्या प्रसिद्धीचा भाग होती. आज ती वाचताना जातिभेदाचा दर्प जाणवतो आणि तो जाणवायलाच हवा. तयार अन्नाच्या इतिहासात ‘विश्वास’ या शब्दाला असा सामाजिक अर्थ होता. पाकीट विकण्याआधी पाकिटामागचा हात विकावा लागे.

घरगुती पातळीवर या अडचणीतून एक मधली वाट निघाली होती. मैदा किंवा कणीक, साखर आणि तूप घरून मोजून न्यायचे, बेकरीवाल्याकडून डोळ्यांदेखत नानकटाई किंवा बिस्किटे भाजून घ्यायची आणि डबा भरून आणायचा. सामान घरचे, भट्टी बाहेरची. उत्तर भारतातील अनेक शहरांप्रमाणेच महाराष्ट्रातील गावांतही ही पद्धत रूढ होती. गोव्यातील वाचकांना तिचे थोडे नवल वाटेल. तेथे पोदेराचा पाव रोज सकाळी दारात येत असल्यामुळे भट्टीशी असलेले नाते जुने आणि निःशंक आहे. ग्वाल्हेरसारख्या शहरात ते नाते हळूहळू जुळवावे लागले.

सक्करहून ग्वाल्हेरला

जे. बी. मंघाराम या नावाची सुरुवात आज पाकिस्तानात असलेल्या सक्कर या सिंधू नदीकाठच्या शहरात झाली. १९४७ मध्ये सिंधमधील हिंदूंना घरदार सोडून निघावे लागले. पंजाब आणि बंगालप्रमाणे सिंधची फाळणी झाली नव्हती. संपूर्ण प्रांतच पाकिस्तानात गेल्यामुळे सिंधी निर्वासितांच्या वाट्याला भारतातील स्वतःचा असा एकही जिल्हा आला नाही. ते मिळेल त्या शहरात विखुरले : मुंबईजवळच्या कल्याण छावणीत, जिचे पुढे उल्हासनगर झाले, अजमेरला, इंदूरला, ग्वाल्हेरला. जमीन मागे राहिली होती. हातात उरले होते ते कसब, पत आणि व्यापाराची जाण. पापड, पाव, बिस्किटे, मिठाई या धंद्यांत सिंधी माणूस पुढे दिसतो, त्याचे एक कारण हेही आहे. अन्नप्रक्रियेचा धंदा थोड्या भांडवलावर नव्या गावात पुन्हा उभा करता येतो.

मंघाराम यांचा उद्योग ग्वाल्हेरला पुन्हा उभा राहिला आणि मोठा झाला. जियाजीराव कॉटन मिल, पॉटरीज आणि चामड्याचे कारखाने यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहराला बिस्किटांचीही ओळख मिळाली. ‘एनर्जी फूड’ या नावाची त्यांची बिस्किटे विशेष प्रसिद्ध होती. नावातच जाहिरात होती. बिस्किट हे चैनीचे खाणे नसून शक्ती देणारे अन्न आहे, असे त्या काळातील बहुतेक सगळ्या कंपन्या सांगत. पार्लेचे ग्लुको बिस्किट याच भाषेत विकले जाई. मुलाला दुधाबरोबर, आजाऱ्याला चहाबरोबर, प्रवासाला निघालेल्याला शिदोरीबरोबर बिस्किट देताना ‘पौष्टिक’ हा शब्द आईच्या मनाला समाधान देई.

झाकणावरचे देव

मंघारामच्या बिस्किटांपेक्षाही अधिक टिकले ते त्यांचे डबे. त्यांवर कृष्ण, शंकर, देवी अशी दिनदर्शिकांवरच्या शैलीतील देवादिकांची चित्रे असत. शिळाप्रेसवर छापलेल्या राजा रविवर्मा यांच्या चित्रांनी देवांना घराघरांतील भिंतींवर आणले होते. तीच परंपरा आता पत्र्यावर उतरली होती.

हे डबे बनवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पोलादाच्या पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी कथलाचा अत्यंत पातळ मुलामा देतात. कथलामुळे पत्रा गंजत नाही आणि खाद्यपदार्थाला धातूची चव लागत नाही. पत्रा सपाट असतानाच त्यावर एकेक रंग छापला जातो, वर पारदर्शक वार्निशाचा थर देऊन तो उष्णतेने पक्का केला जातो. त्यानंतरच पत्रा कापून, वाकवून, कडा एकमेकींत अडकवून डबा तयार होतो. झाकण घट्ट बसण्यासाठी कडेला वळ असते. चित्र कागदाचे नसून पत्र्यावरच पक्के केलेले असल्यामुळे वर्षानुवर्षे पुसला, तरी डबा ओळखीचा राहतो.

बिस्किटाला अशा डब्याची खरोखरच गरज होती. पीठ, साखर आणि वनस्पती तूप यांचा मळलेला गोळा रुळांतून लाटून पातळ करतात, साच्याने कापतात आणि सरकत्या पट्ट्यावरून लांबलचक भट्टीतून काही मिनिटांत भाजून काढतात. भाजून निघालेल्या बिस्किटात पाण्याचा अंश अगदी थोडा, साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास उरतो. त्याचा कुरकुरीतपणा आणि टिकाऊपणा दोन्ही या कोरडेपणावर अवलंबून असतात. हवेतील ओलावा शिरला की ते मऊ पडते, आणि तुपाला हवा लागत राहिली की खवट वास येतो. ग्वाल्हेरच्या हवेत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि मागोमाग पावसाळा येतो. प्लॅस्टिकची पाकिटे सर्रास होण्यापूर्वी अशा हवेत बिस्किट महिनोन्‌महिने चांगले ठेवण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा.

नेमकी हीच गरज चकलीची, चिवड्याची आणि शंकरपाळ्यांचीही असते. तळणातील पाणी उडून गेलेले असते. हवा लागली की चकली वातड होते आणि चिवड्यातले पोहे सादळतात. त्यामुळे बिस्किटांचा डबा रिकामा झाला की फराळासाठी त्याहून चांगले भांडे बाजारात शोधण्याची गरज नव्हती. शंकरपाळे तर बिस्किटाचे घरगुती भावंडच : तोच मैदा, तीच साखर, तेच मोहन, एक भट्टीत भाजलेले, दुसरे कढईत तळलेले. पंचहौद प्रकरणात ज्या पदार्थाने घरे दुभंगली, त्याच पदार्थाचा डबा शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत मराठी स्वयंपाकघराच्या फळीवर दिवाळीचा फराळ सांभाळू लागला. त्याच्या झाकणावर देव होते, ही गोष्टही या स्वीकाराला पोषकच ठरली असावी. देवाचे चित्र असलेला डबा कोणी भंगारात टाकत नाही.

सुटी बिस्किटे आणि पाहुण्यांची बशी

आठवणींत सगळेच विपुल आणि स्वस्त होते, असा भास होतो. वस्तुस्थिती तशी नव्हती. चित्रांचा डबा ही बहुधा सणाची, लग्नकार्याची किंवा भेटीची वस्तू असे. रोजच्या वापरासाठी वाण्याकडून किंवा बेकरीतून वजनावर सुटी बिस्किटे आणली जात. दुकानात काचेच्या बरण्यांतून गोळ्या, लिमलेट, खारी आणि टोस्ट मांडलेले असत आणि कागदाच्या पुडीतून ते घरी येत. आणलेला पुडा पाहुण्यांसाठी वर ठेवला जाई. मुलांना मिळे ते पाहुणे गेल्यानंतर बशीत उरलेले, किंवा उरलेला चुरा. साखर आणि तूप जपून वापरण्याच्या त्या काळात बिस्किट हे घरातील प्रतिष्ठेचेही माप होते.

अनेक घरांत ते पोहोचतच नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. शहरातील गिरणी कामगाराच्या किंवा हातगाडीवाल्याच्या घरी चहाबरोबर शिळी पोळी किंवा पाव असे. तयार खाऊचा स्मृतिरंजनाचा सूर प्रामुख्याने पगारदार घरांतून उमटतो, याचे भान ठेवूनच तो ऐकावा.

आणखी एक बाजू त्या घरातील बाईची आहे. फराळ म्हणजे भाजणी भाजणे, दळून आणणे, मळणे, सोऱ्या फिरवणे आणि तासन्‌तास कढईपुढे बसणे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढू लागली तेव्हा हे काम कमी झाले नव्हते, फक्त ते रविवारी आणि रात्री सरकले होते. अशा घरात ‘आयत्या’ पुड्याने अर्धा तास वाचवला, तर त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होते. तरीही ‘विकतचे’ हा शब्द मराठीत बराच काळ थोड्या कमीपणाने उच्चारला गेला. पाहुण्यांपुढे विकतची बिस्किटे ठेवली तरी शेजारी घरची एक चकली ठेवण्याची धडपड त्यातूनच येई.

दक्षिणेहून येणारी पाकिटे

ग्वाल्हेरची बिस्किटे बाहेर जात होती आणि त्याच वेळी महाराष्ट्राची चव पाकिटांतून ग्वाल्हेरला येत होती. दिल्ली-मुंबई लोहमार्गावर असणे ही ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची मोठी सोय. पंजाब मेल मुंबईहून येई, झेलम एक्सप्रेस पुण्याहून. पुढे वास्कोहून निझामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेसही ग्वाल्हेरला थांबू लागली. उन्हाळ्याच्या सुटीत किंवा लग्नकार्याला महाराष्ट्रात गेलेले कुटुंब परतताना सामानात काय आणी, याची यादी ठरलेली असे : गोडा मसाला, मेतकूट, आमसुले, थालीपिठाची भाजणी, पोह्याचे पापड, लसणाची चटणी. ग्वाल्हेरच्या बाजारात गरम मसाला सहज मिळे, पण दगडफूल घातलेला गोडा मसाला मिळणे अवघड. आमटीला मराठी वास येण्यासाठी तो पुण्या-मुंबईहून यावा लागे.

हे पदार्थही तयार अन्नाच्या इतिहासाचाच भाग आहेत. मुंबईत गिरगावातील बेडेकरांचा मसाल्या-लोणच्यांचा व्यवसाय १९१० पासूनचा. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावातच सात स्त्रियांनी एका इमारतीच्या गच्चीवर केली. पुण्यात १९६३ मध्ये सुरू झालेल्या गिट्सने गुलाबजाम आणि इडलीची तयार पिठे लोकप्रिय केली. चितळ्यांची बाकरवडी सत्तरच्या दशकात पुण्याची खूण बनली. महाराष्ट्रात राहणाऱ्याला या पाकिटांनी सोय दिली. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, तंजावर येथील मराठी माणसाला त्यांनी त्यापेक्षा अधिक काही दिले. ज्या गावात आजीच्या हाताखाली शिकायला आजी उरली नव्हती, तेथे चवीचे प्रमाण पाकिटाने राखले.

आणि ही पाकिटे ग्वाल्हेरला पोहोचल्यावर रिकामी होत ती पुष्कळदा त्याच बिस्किटांच्या डब्यात. सक्करहून आलेल्या माणसाच्या कारखान्यातला डबा, त्यावर उत्तर हिंदुस्थानच्या आवडीचा कृष्ण आणि आत पुण्याची भाजणी, असा तो संसार होता.

दूरचित्रवाणीवरचा खाऊ

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लहान शहरांपर्यंत दूरदर्शन पोहोचले. १९८३ मध्ये मॅगी बाजारात आली. १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हम लोग’ ही मालिका मॅगीच्या प्रायोजकत्वाने प्रसारित होत होती. दोन मिनिटांत तयार होणारे, चमच्याने नव्हे तर काट्याने खायचे, मुलांनीच मागायचे असे हे अन्न होते. त्याआधीचा तयार खाऊ मोठ्यांच्या शिफारशीने घरात येई. मॅगी मुलांच्या हट्टाने आली. शेवयांचा उपमा आणि शेवयांची खीर ठाऊक असलेल्या मराठी घराला तिचे रूप अगदीच अनोळखी नव्हते. कांदा, टोमॅटो, मटार घालून तिला लवकरच घरचे वळण दिले गेले.

रसना हेही असेच. एका पाकिटातून ३२ पेले, हा हिशेब जाहिरातीने पाठ करून दिला होता. तो मध्यमवर्गाला पटणारा होता. उन्हाळी वाढदिवसांत पन्ह्याशेजारी नारिंगी रंगाचे पेले दिसू लागले. शीतपेयांच्या बाटल्यांची गोष्ट निराळी. १९७७ मध्ये कोका-कोलाने भारत सोडला, तेव्हा ती जागा देशी पेयांनी घेतली : पार्लेचे थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट, दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचे कॅम्पा कोला आणि सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचे डबल सेव्हन. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली, ती ग्वाल्हेरपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या आग्र्यातून. त्याच वर्षी पार्लेची पेये तिच्या ताब्यात गेली. थम्स अप टिकले, गोल्ड स्पॉट काही काळाने बाजारातून नाहीसे झाले.

गजक आणि मेळ्याची सॉफ्टी

कारखान्याचा शिक्का नसलेला, तरीही पूर्णपणे तयार असा एक खाऊ या भागात फार जुना आहे : गजक. ग्वाल्हेरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे मुरैना हे त्याचे माहेर. गुळाचा किंवा साखरेचा पाक शिजवून, खुंटीवर टाकून पुन्हा पुन्हा ओढतात. ओढताना त्यात हवा शिरते आणि त्याचा रंग उजळतो. मग भाजलेल्या तिळांबरोबर तो लाकडी मोगरीने कुटत कुटत पातळ पदर काढतात. चांगला गजक जिभेवर विरघळतो, दाताखाली चिकटत नाही. हिवाळ्यातच तो उत्तम होतो, कारण उष्ण आणि दमट हवेत पाक सैल पडतो. २०२३ मध्ये मुरैनाच्या गजकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

संक्रांतीला ग्वाल्हेरच्या मराठी घरात तिळगुळाचे लाडू घरी होत, हलवाही केला जाई. पण महाराष्ट्रातल्या नातेवाइकांसाठी बांधला जाई तो गजकाचाच खोका. पुण्याहून भाजणी येई, ग्वाल्हेरहून गजक जाई. अशा देवघेवीत दोन्हीकडच्या घरांना एकमेकांची थंडी आणि एकमेकांचे सण कळत.

त्याच मोसमात ग्वाल्हेरचा मेळा भरे. माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला हा मेळा प्रारंभी गुरांचा बाजार होता. पुढे तो उत्तर भारतातील मोठ्या व्यापारी मेळ्यांपैकी एक झाला. मेळ्यात कपडे, भांडी आणि खेळण्यांइतकीच ओढ सॉफ्टीची असे. ऐन थंडीत, कानटोपी घालून, यंत्रातून वळसे घेत निघणारे मऊ आइस्क्रीम खाण्याची ही रीत ग्वाल्हेरकरांनी आजही सोडलेली नाही.

नावे कुठे गेली

बिस्किट निर्मिती बराच काळ लघुउद्योगांसाठी राखीव होती. मोठ्या कंपन्यांच्या विस्ताराला त्यामुळे मर्यादा होत्या आणि प्रत्येक प्रदेशात आपापली नावे टिकून होती. पुण्यात साठे बिस्किटे होती, नागपुरात हार्निकची ‘फँटम’ नावाची गोड सिगारेट होती, मालेगावजवळच्या रावळगावात वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्यातून निघालेल्या गोळ्या होत्या. १९९७ मध्ये बिस्किटावरचे आरक्षण उठले. मालवाहतूक, जाहिरात आणि प्लॅस्टिकची हवाबंद पाकिटे यांमुळे एकाच ठिकाणचे बिस्किट देशभर स्वस्तात पोहोचवणे शक्य झाले. जेथे बाजार एक झाला, तेथे प्रादेशिक नावांना टिकणे कठीण गेले.

मंघारामचे पुढे हेच झाले. जे. बी. मंघाराम फूड्स ही ब्रिटानियाची उपकंपनी बनली. नाव कागदोपत्री राहिले, पण ग्राहकाच्या हातातील पुड्यावर मोठ्या अक्षरांत दिसू लागले ते दुसरेच नाव. इतरत्रही वेगळे घडले नाही. विलेपार्ले येथील पार्लेचा मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. कॅम्पाचे नाव २०२२ मध्ये आणि रावळगावच्या गोळ्यांची नावे २०२४ मध्ये रिलायन्सने विकत घेतली. ‘पान पसंद’ किंवा ‘मँगो मूड’ पुन्हा दुकानात दिसतील, त्यांची चवही जुळवता येईल. पण रावळगाव या गावाचा त्यांच्याशी असलेला संबंध जुळवता येत नाही.

स्मृतिरंजनाच्या बाजारात नाव विकता येते. एखादे गाव त्या नावामागे उभे होते, तेथे पाळ्या बदलताना भोंगा होत होता, भाजलेल्या पिठाचा वास रस्त्यावर येत होता आणि त्या पगारावर घरे चालत होती, हे विकता येत नाही. जियाजीराव कॉटन मिलसारखा मोठा कारखाना बंद पडल्यावर ग्वाल्हेरने काय गमावले, याचा हिशेब बेरोजगारीच्या आकड्यांत तरी मांडला जातो. बिस्किटाच्या पुड्यावरून गावाचे नाव गेले, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आज

मंघारामचे जुने डबे आज संग्राहकांच्या आवडीची वस्तू झाले आहेत. सक्करचे नाव असलेले डबे दुर्मीळ. ग्वाल्हेरचे त्यामानाने अधिक सापडतात. छापील चित्रकलेचा आणि जाहिरातीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांत रस आहे, जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना किंमतही येते. रंग शाबूत, चित्र स्पष्ट आणि कडा न गंजलेला डबा अधिक मोलाचा मानला जातो.

स्वयंपाकघरात राहिलेल्या डब्यांचे रूप वेगळे असते. वारंवार उघडझाप केल्याने झाकणाच्या कडेचा रंग उडालेला असतो, तेलकट बोटांनी चित्र काळवंडलेले असते, आणि आतल्या पत्र्याला मेतकुटाचा किंवा भाजणीचा वास कायमचा लागलेला असतो. संग्राहकाच्या दृष्टीने हा खराब माल आहे. पण बिस्किट मराठी घरात कसे आले, कसे रुळले आणि घरच्या फराळाला जागा देऊन बाजूला कसे झाले, हे वाचायचे तर असाच डबा हाती हवा. ज्यांच्या घरी असा एखादा शिल्लक आहे, त्यांनी तो घासून चकचकीत करण्याआधी झाकण उलटून पाहावे. सक्कर किंवा ग्वाल्हेर, यांपैकी कोणत्या गावाचे नाव त्यावर आहे, तेवढे वाचून घरातल्या मुलांना सांगावे आणि डबा पुन्हा भरून ठेवावा.